वळणावरचे ‘भावी नगरसेवक’

रत्नागिरी शहराचा मुख्य रस्ता साळवी स्टॉपवरून मारुती मंदिर, माळनाका असा जयस्तंभाकडे येतो. एस.टी.च्या गाड्या, रिक्षा, शाळकरी मुलांची वाहने, मासळीचे टेम्पो आणि या सर्वांमधून वाट काढणारे दुचाकीस्वार असा सगळा भार त्या एका रस्त्यावर असतो. चौकात शिरताना बाजूने काय येत आहे हे क्षणभर आधी दिसणे, एवढ्यावरच तेथे चालणाऱ्याचे आणि चालवणाऱ्याचे प्राण अवलंबून असतात. नेमका हाच क्षण निवडणुकीच्या हंगामात हिरावून घेतला जातो. चौकाच्या कोपऱ्यावर, दुभाजकाच्या टोकाशी, वळणाच्या पोटात दहा बाय वीस फुटांचा फलक उभा राहतो. त्यावर वरच्या ओळीत चार-सहा वंदनीयांच्या प्रतिमा, मध्ये हात जोडलेला एक हसरा चेहरा, खाली टपाल तिकिटाच्या आकाराचे वीस-पंचवीस ‘शुभेच्छुक’ आणि ठळक अक्षरांत बिरुद : ‘भावी नगरसेवक’. पलीकडून येणारी रिक्षा मात्र दिसत नाही.

हे दृश्य एकट्या रत्नागिरीचे नाही. चिपळूण, खेड, राजापूर कोठेही जावे, महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी उतरावे, चेहरे तेवढे बदलतात. परंतु रत्नागिरी जिल्ह्याने दीड-पावणेदोन वर्षांच्या अवधीत तीन निवडणुकांचा मोसम पाहिला. ७ मे २०२४ रोजी लोकसभेचे मतदान झाले, २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे, आणि वर्षानुवर्षे रखडलेल्या नगरपरिषदांसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी. लोकसभेला उमेदवार मोजके असतात. नगरपरिषदेला मात्र प्रभागागणिक इच्छुक आणि इच्छुकागणिक फलक. शिवाय फलकांचा हंगाम मतदानाच्या तारखेशी बांधलेला नसतो. उमेदवारी मिळावी म्हणून फलक, मिळाली म्हणून फलक, निवडून आल्याबद्दल अभिनंदनाचा फलक, आणि पराभव झाला तरी मतदारांचे आभार मानणारा फलक असतोच. मधल्या काळात नेत्यांचे वाढदिवस आहेत, सणवार आहेत. गणेशोत्सवात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या स्वागताला तर महामार्गावरच्या नाक्यानाक्यावर कमानी उभ्या राहतात. रात्रभर गाडी चालवून आलेला, डोळ्यांत झोप दाटलेला तो चाकरमानी पहाटे घाट उतरत असतो. त्याला त्या वेळी पुढच्या वळणाची सूचना हवी असते. फलकाच्या निर्जीव हातांनी केलेल्या नमस्काराचा त्याला काय उपयोग?

जांभा, बांबू आणि वारा

कोकणात फलक उभारण्याची एक खास अडचण आहे. येथील जमीन जांभ्याची. देशावर पहारीने दोन हात खड्डा खणून बांबू रोवता येतो. जांभ्याच्या कातळात तसा खड्डा खणणे हे कष्टाचे काम आहे. रात्रीच्या रात्री, कोणाची परवानगी न घेता उरकायच्या कामात ते कष्ट कोण घेणार? मग जे आयते उभे आहे त्याचा आधार घेतला जातो. विजेचा खांब, दुभाजकाचे कठडे, पुलाचा कठडा, एखादे झाड आणि सर्वांत सोयीचा म्हणजे वाहतूक चिन्हाचा खांब. ‘पुढे तीव्र वळण आहे’, ‘पुढे शाळा आहे’ हे सांगण्यासाठी सार्वजनिक पैशातून उभारलेला खांब ‘भाऊंचे’, ‘दादांचे’ आणि ‘साहेबांचे’ आगमन सांगू लागतो. बांधायला सुतळी टिकत नाही म्हणून बारीक लोखंडी तार वापरली जाते. फलक उतरला किंवा फाटून गेला तरी ती तार तशीच लोंबत राहते, आणि अंधारात दुचाकीस्वाराच्या गळ्याच्या उंचीवर ती कोणाला दिसत नाही.

वाऱ्याचा हिशोब तर फलक लावणारा कधी करीतच नाही. दहा बाय वीस फुटांचा फलक म्हणजे सुमारे साडेअठरा चौरस मीटरचे शीडच. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा त्यावर काटकोनात आदळला तर किमान तीनशे किलोंचा रेटा बसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. ताशी १०० किलोमीटरच्या झोतात हाच आकडा साडेआठशे किलोंच्या पुढे जातो. मासेमारी नौकेवरचा तांडेल हे गणित न शिकता जाणतो आणि वारा फिरताच शीड उतरवतो. मारुती मंदिराजवळच्या बांबूवर चढवलेले शीड उतरवणारा मात्र कोणी नसतो, कारण ज्याचा चेहरा त्यावर आहे तो सभेत असतो आणि ज्याने ते बांधले तो मजुरी घेऊन घरी गेलेला असतो.

आणि हा वारा कोकणाला अपरिचित नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ने दापोली-मंडणगडची घरे उघडी केली. पुढच्याच वर्षी मे महिन्याच्या मध्यास ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेले. लोकसभेच्या निवडणुका येतात त्याही बहुधा एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे ऐन वळवाच्या दिवसांत.

फलक पडून माणसे मरतात, ही कल्पनेतील भीती नव्हे. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुना बाजार चौकात रेल्वेच्या जागेतील लोखंडी सांगाडा काढण्याचे काम चालू असताना तो रस्त्यावर कोसळला आणि चार जण मृत्युमुखी पडले. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडजवळ किवळे येथे वादळी पावसापासून आडोसा म्हणून थांबलेली पाच माणसे फलकाखाली चिरडली गेली. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरच्या छेडानगर परिसरात पेट्रोलपंपावर महाकाय फलक कोसळला आणि १७ जणांचे प्राण गेले. ४० बाय ४० फुटांची कमाल मर्यादा असलेल्या शहरात तो फलक १२० बाय १२० फुटांचा होता. लांबी-रुंदी तिप्पट, म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. दुर्घटनेनंतर जागा कोणाची, परवानगी कोणाची, नियम कोणाचे याचा वाद लोहमार्ग पोलीस आणि महापालिका यांच्यात रंगला. मुंबईचे मतदान तेव्हा अवघ्या आठवड्यावर आले होते.

यावर कोणी म्हणेल की हे सारे जाहिरात कंपन्यांचे लोखंडी सांगाडे. कार्यकर्त्याच्या बांबूच्या फलकाशी त्यांचा संबंध काय? संबंध असा की लोखंडी सांगाड्याला निदान संरचनेच्या मजबुतीचे प्रमाणपत्र मागता येते. बांबूच्या फलकाला ते विचारण्याची सोयच नाही. १२ सप्टेंबर २०१९ रोजी चेन्नईत २३ वर्षांची एक संगणक अभियंता स्कूटरवरून घरी परतत होती. तत्कालीन सत्ताधारी पक्षाच्या एका माजी नगरसेवकाच्या घरच्या विवाहानिमित्त दुभाजकावर लावलेला फलक तिच्या अंगावर पडला, ती रस्त्यावर कोसळली आणि मागून येणाऱ्या पाण्याच्या टँकरखाली सापडली. तो काही टनांचा लोखंडी सांगाडा नव्हता, साधा फलक होता. दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, कोइम्बतूरमध्ये शासकीय सोहळ्याच्या स्वागतासाठी रस्त्यात उभारलेल्या लाकडी कमानीपाशी एका तरुण अभियंत्याचा अपघाती मृत्यू झाला होता. चेन्नईच्या घटनेनंतर तेथील प्रमुख पक्षांना आपापल्या कार्यकर्त्यांना फलक न लावण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. महाराष्ट्रातील पक्षांनी अशाच एखाद्या मुलीची वाट पाहावी काय?

न पडलेला फलकही तितकाच घातक असतो, फक्त त्याचा गुन्हा नोंदला जात नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे सरकते. पंचवीस चेहरे आणि तितकीच नावे असलेला फलक डोळ्यांखालून घालायला तीन-चार सेकंद पुरत नाहीत, आणि गावातला माणूस ओळखीचा चेहरा शोधल्याशिवाय राहत नाही. म्हणजे पन्नास मीटरचे अंतर वाहन जणू डोळे मिटून कापते. अमेरिकेत शंभर मोटारींत कॅमेरे बसवून केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रस्त्यावरून दोन सेकंदांहून अधिक काळ नजर हटल्यास अपघाताचा धोका दुपटीच्या घरात जातो असे आढळले. आपल्याकडे २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रातली. केंद्रीय अहवालात या मृत्यूंची कारणे दिली जातात : अतिवेग, मद्यपान, चुकीच्या बाजूने वाहन हाकणे, सिग्नल तोडणे, मोबाईल. सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खाती मांडले जातात. ‘समोर फलक होता म्हणून दिसले नाही’ असा रकानाच त्यात नाही. पंचनाम्यात मेलेल्याचाच दोष लिहिला जातो आणि फलक दुसऱ्या दिवशी त्याच जागी हसत उभा असतो.

कायदा आहे, कचरते कोण?

कायद्यांचा दुष्काळ आहे म्हणून हे घडते असे मानण्याचे कारण नाही. १९९५ साली महाराष्ट्राने मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध करणारा अधिनियम केला. त्यात तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ११६ मध्ये वाहतूक चिन्ह झाकणारी किंवा चालकाचे लक्ष विचलित करणारी जाहिरात काढून टाकण्याचा अधिकार पोलिसांना देण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या जागेवरील अतिक्रमण हटवण्यासाठी २००२ चा स्वतंत्र कायदा आहे. रस्त्याशेजारच्या जाहिरातींविषयी भारतीय रस्ते परिषदेचे धोरण तर १९७२ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. चौक वा पुलापासून शंभर मीटरच्या आत जाहिरात असू नये, शहरात ही मर्यादा पन्नास मीटरपर्यंत शिथिल करता येईल, असे ते सांगते. हे मोजमाप घेऊन हातखंब्याच्या तिठ्यावर उभे राहावे. मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरीकडून येणारा रस्ता जेथे मिळतो, तेथील शंभर मीटरचे वर्तुळ हंगामात फलकमुक्त असते, असे म्हणण्याचे धैर्य कोणता पक्ष करील?

निवडणूक कायदाही मुका नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१च्या कलम १२७-क नुसार निवडणूक पत्रकावर आणि भित्तिपत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे-पत्ते छापणे बंधनकारक आहे. आचारसंहिता लागताच शासकीय आवारातील फलक २४ तासांत, बसस्थानक-पूल-विजेचे खांब अशा सार्वजनिक जागांवरील ४८ तासांत आणि खासगी जागेतील अनधिकृत फलक ७२ तासांत उतरवण्याचा आयोगाचा दंडक आहे. गंमत अशी की हा दंडक बऱ्याच अंशी पाळला जातो! वर्षभर ‘मनुष्यबळ नाही’ म्हणणारी यंत्रणा आचारसंहितेच्या त्या तीन दिवसांत शिड्या, कटर आणि गाड्या घेऊन अवतरते आणि शहर मोकळे दिसू लागते. याचा अर्थ इतकाच की मनुष्यबळ पूर्वीही होते. त्या तीन दिवसांत अधिकाऱ्याला आयोगाचे भय असते आणि नेत्याचे नसते. उरलेले वर्षभर नेमके उलट असते.

साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात २०११ साली जनहित याचिका केली. ३१ जानेवारी २०१७ रोजी न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने तीवर सविस्तर निकाल देऊन राज्यभरातील महापालिका आणि नगरपरिषदांना कारवाईचे आदेश दिले. राजकीय पक्षांनी त्या प्रकरणात न्यायालयाला हमी दिली होती की त्यांचे कार्यकर्ते बेकायदा फलक लावणार नाहीत. हमीचे काय झाले हे प्रत्येक चौकाला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीतच, न्यायालयाला भाजप, काँग्रेस, शिवसेना, राष्ट्रवादी अशा पक्षांना अवमानाची कारवाई का करू नये अशी विचारणा करावी लागली. राष्ट्रभक्तीपासून समाजवादापर्यंत ज्यांचे एकमत होत नाही, त्यांचे या एका विषयावर संपूर्ण एकमत आहे.

वस्तुत: निवडणुकीचे हे रूप फार जुने नाही. गेरू, चुना आणि निळीने रंगवलेल्या भिंती, कापडी फलक, ध्वनिक्षेपक लावलेली रिक्षा, असा पूर्वीचा प्रचार असे. जनसंघाची पणती काढता येणारा हरहुन्नरी पेंटर गावोगावी असे, आणि भिंत कोणाची हे त्याला विचारावेच लागे. भिंती रंगवण्याचा तो प्रकारही निर्दोष नव्हता. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी त्याला वेसण घातली तेव्हा सामान्य माणूस सुखावला होता. पण रंगवलेली भिंत कोणाच्या अंगावर पडत नसे. त्यानंतर संगणकीय छपाई आली, फ्लेक्स स्वस्त झाले, चेहरा तासाभरात छापून मिळू लागला. तेव्हापासून कार्यकर्त्याची ओळख त्याच्या कामावरून होण्याऐवजी फलकावरील त्याच्या स्थानावरून होऊ लागली. कोणाचा फोटो कोणाच्या शेजारी, कोणाचा मोठा, कोणाचा छोटा यावरून रुसवेफुगवे होतात. फलक मतदारासाठी लावला जातो हा समज भाबडा आहे. तो नेत्याला दिसावा म्हणून लावला जातो. म्हणूनच तो नेत्याच्या मोटारीच्या मार्गावर आणि मोटारीचा वेग मंदावतो त्या वळणावरच उभा राहतो.

‘आमचेच फलक का?’

या विषयावर कार्यकर्त्यांच्या बैठकीत चर्चा निघाली की एक प्रश्न हमखास येतो. आमच्या उत्सवांच्या कमानी, आमच्या महापुरुषांच्या जयंतीचे फलक तेवढे प्रशासनाच्या डोळ्यांत खुपतात. इतरांचे मात्र दिसत नाहीत, असे का? पक्षपात होत असेल तेथे तो उघड करावा, लेखी तक्रार करावी, पाठपुरावा करावा. त्यात गैर काहीच नाही. नियम सर्वांना सारखाच असला पाहिजे. परंतु दुसऱ्याचा बेकायदा फलक उभा आहे म्हणून आपलाही उभा राहावा, हा युक्तिवाद समतेचा नाही, स्पर्धेचा आहे. त्या स्पर्धेत मरतो तो दुचाकीस्वार कोणत्या पंथाचा आणि कोणत्या पक्षाचा याची निवड फलक करीत नाही.

आणि श्रद्धास्थानांचेच म्हणायचे तर त्यांची सर्वाधिक विटंबना कोण करतो? छत्रपतींची, लोकमान्यांची, सावरकरांची प्रतिमा फलकाच्या वरच्या कोपऱ्यात छापली जाते ती बहुधा चिलखत म्हणून, पालिकेच्या कर्मचाऱ्याने हात लावू नये यासाठी. आठ दिवसांनी तोच फलक वाऱ्याने फाटतो, पावसात भिजतो आणि गटारात पडतो. कोणी तो उचलून गाडीवर टाकायला नेतो, कोणी गोठ्यावर आच्छादन म्हणून. ज्यांचे नाव घेऊन मते मागितली त्यांच्या प्रतिमेची ही अवस्था पाहून कार्यकर्त्याचे मन विटत नसेल तर श्रद्धेचा अर्थ पुन्हा तपासावा लागेल. सावरकर रत्नागिरीत १९२४ ते १९३७ असे तेरा वर्षे स्थानबद्ध होते. राजकारणाला बंदी, हालचालींवर पाळत. तरीही सहभोजने झाली, १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या दातृत्वातून पतितपावन मंदिर उभे राहिले, एक गाव हलले. ते काम माणसांपर्यंत चालत जाऊन झाले.

प्रसिद्धिपराङ्मुखता हा शब्द या पृष्ठांच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. नाव नको, हार नको, छायाचित्र नको, असे म्हणत तीन-तीन पिढ्यांनी आयुष्ये वेचली. त्या घरांतील तरुण आज टपाल तिकिटाएवढ्या फोटोसाठी दोन-पाच हजारांची वर्गणी देतो आणि घरातले ज्येष्ठ ‘काळ बदलला’ म्हणून गप्प बसतात, हे मात्र न समजणारे आहे. काळ बदलला हे खरेच. पण कालच्या अनामिक कार्यकर्त्याला घरोघरी ओळखत, आणि आजच्या फलकावरच्या चेहऱ्याला वॉर्डाबाहेर कोणी ओळखत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. दूरचित्रवाणी आणि समाजमाध्यमे धनवंतांच्या हाती. सामान्य उमेदवाराला दिसण्यासाठी फलकाशिवाय आहे काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र अनिर्बंध फलक हे नव्हे, कारण त्या खेळातही जास्त पैसेवालाच जिंकतो. फ्रान्समध्ये मतदान केंद्रांजवळ शासकीय फळ्या उभारल्या जातात, प्रत्येक उमेदवाराला त्यावर सारखीच जागा मिळते आणि इतरत्र भित्तिपत्रके लावण्यास मनाई असते. जपानमध्येही ठरावीक जागी क्रमांक घातलेल्या चौकटींचे फलक उभे राहतात व उमेदवार आपापल्या चौकटीत आपले पत्रक चिकटवतो. ब्राझीलमधील साओ पाउलो या अवाढव्य महानगराने १ जानेवारी २००७ पासून बाह्य जाहिरातफलकांवर सरसकट बंदी आणली. त्यामुळे तेथील लोकशाही बुडाली नाही की व्यापार थांबला नाही. रत्नागिरी नगरपरिषदेने प्रत्येक प्रभागात रस्त्यापासून आत, बाजार किंवा शाळेच्या आवाराच्या भिंतीलगत अशी एक फळी उभारली, अपक्षापासून आमदारपुत्रापर्यंत सर्वांना त्यावर समान चौकट दिली, तर येणारा खर्च फलक उतरवण्याच्या मोहिमांपेक्षा जास्त होईल काय?

पण नगरपरिषदेची वाट पाहण्याचीही गरज नाही. ज्या पक्षाच्या तालुका कार्यकारिणीने एका ओळीचा ठराव केला की चौक, वळण, पूल आणि वाहतूक चिन्ह येथे आमचा फलक दिसला तर त्यावर ज्याचे नाव आहे त्याला उमेदवारी नाही, त्या पक्षाचे फलक आठवड्यात गायब होतील. न्यायालयाच्या आदेशाला जे साधले नाही ते तिकीटवाटपाला सहज साधेल. हा ठराव करण्यास पैसा लागत नाही, शासन निर्णय लागत नाही. २१ डिसेंबर २०२५ रोजी नगरपरिषदांची मतमोजणी झाली. निवडून आलेल्यांना तर तो सभागृहातच मांडता येईल. सूचक-अनुमोदक कोणत्या पक्षाचे आहेत हे रत्नागिरीकर आनंदाने विसरतील.

तोवर प्रभागातील चार तरुणांनी रविवारी सकाळी शिडी आणि पक्कड घेऊन बाहेर पडावे. फलक बहुतेक ठिकाणी उतरले असतील. पण विजेच्या खांबांना गुंडाळलेल्या तारा, दुभाजकात अडकलेले बांबूचे तुकडे आणि चिन्हांच्या खांबांवर उरलेल्या लोखंडी चौकटी अजून तशाच असतील. लोकसभेची पुढील निवडणूक २०२९च्या एप्रिल-मे महिन्यांतच अपेक्षित आहे, आणि वळवाचा वाराही त्याच दिवसांत सुटतो.